अमेरिकन फुटबॉल : तीन वर्षं टिकलेला बँड आणि पंचवीस वर्षं ऐकला जाणारा अल्बम

प्रकरण थोडक्यात

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात अर्बाना-शँपेन हे विद्यापीठाचं जोडगाव आहे. तिथं १९९७ साली तीन विद्यार्थ्यांनी एक बँड काढला आणि त्याला त्यांच्या देशातल्या खेळाचंच नाव दिलं, ‘अमेरिकन फुटबॉल’. १९९८ मध्ये तीन गाण्यांची एक ई.पी., म्हणजे छोटी रेकॉर्ड, आली आणि १४ सप्टेंबर १९९९ रोजी नऊ गाण्यांचा अल्बम आला. अल्बमचं नावही तेच. २००० साली बँड संपला. मोठा दौरा झाला नाही, रेडिओवर गाजलेलं एकही गाणं नव्हतं, ज्याची बातमी व्हावी असं भांडणही नव्हतं. शिक्षण संपत आलं आणि जो तो आपापल्या वाटेनं गेला.

पुढच्या चौदा वर्षांत तो अल्बम एका अख्ख्या पिढीचा पाठ्यक्रम झाला. २०१४ मध्ये बँड पुन्हा उभा राहिला, तेव्हा त्यांना ऐकायला जमलेल्या गर्दीतली कितीतरी मुलं अल्बम निघाला तेव्हा शाळेत होती.

ही हकिगत बहुतेक वेळा ‘वेळेत संपले म्हणून अमर झाले’ अशी सांगितली जाते. मला ते पटत नाही. त्या काळात अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या गावांमधून असंख्य बँड निघाले आणि मोडले. मोडल्यामुळं कोणी लक्षात राहत असतं, तर ते सगळेच राहिले असते. माझ्या मते इथले कळीचे निर्णय दोन होते. बँड संपणार हे दिसत असताना गाणी नीट रेकॉर्ड करून ठेवणं हा पहिला. बँड नसताना तो अल्बम बाजारात ठेवत राहणं हा दुसरा, आणि तो बँडनं नव्हे तर लेबलनं, म्हणजे अल्बम काढणाऱ्या कंपनीनं, घेतला. हा अभ्यास मुख्यतः या दोन निर्णयांविषयी आहे.

बँड आणि लेबल यांच्याविषयीची माहिती सार्वजनिक आहे, म्हणून त्यांची नावं दिली आहेत. अल्बमच्या मुखपृष्ठावरच्या घरात वेळोवेळी राहून गेलेल्या भाडेकरूंची नावं आणि घराचा पत्ता मुद्दाम दिलेला नाही.

पार्श्वभूमी

अर्बाना-शँपेन शिकागोच्या दक्षिणेला सुमारे २२० किलोमीटरवर आहे. आजूबाजूला सपाट जमीन, मका आणि सोयाबीन. इंजिनिअरिंगच्या पुढच्या शिक्षणासाठी महाराष्ट्रातून वर्षानुवर्षं मुलंमुली तिथं जात आहेत, त्यामुळं आपल्याकडच्या बऱ्याच घरांत हे नाव ओळखीचं आहे. वेबला सामान्य माणसाच्या आवाक्यात आणणारा मोझेक हा ब्राउझर १९९३ मध्ये याच विद्यापीठात तयार झाला. ज्या वेबनं पुढं या अल्बमला श्रोते मिळवून दिले, तिचा एक धागा त्याच गावातून निघाला होता, ही गोष्ट मला नेहमी सुखावते.

विद्यापीठाच्या गावाचं एक अर्थकारण असतं. जुनी लाकडी घरं विद्यार्थ्यांना भाड्यानं दिली जातात. तळघरात ड्रम ठेवता येतात, दिवाणखान्यात पन्नास माणसं उभी राहू शकतात. हॉल भाड्यानं घेण्याची ऐपत नसलेले बँड अशा घरांत वाजवतात. मात्र दर वर्षी मे महिन्यात गावाचा एक मोठा तुकडा पदवी घेऊन निघून जातो. अशा गावात उगवलेल्या बँडच्या कपाळावर संपण्याची तारीख बहुधा आधीच लिहिलेली असते.

आता ‘इमो’विषयी थोडं, म्हणजे हा बँड ज्या संगीतप्रकारात गणला जातो त्याविषयी. हा शब्द १९८०च्या दशकाच्या मध्यात वॉशिंग्टनमधल्या हार्डकोअर पंक, म्हणजे वेगवान आणि आक्रमक रॉक, वाजवणाऱ्या बँडना लोकांनी चिकटवला. राइट्स ऑफ स्प्रिंग हा त्यातला नेहमी घेतला जाणारा दाखला. पंकची आदळआपट तीच, पण राग सरकारवर नसून स्वतःच्या आतल्या गोंधळावर. नव्वदच्या दशकात ही धारा देशाच्या मधल्या पट्ट्यात, मिडवेस्टमध्ये, जोरात वाहू लागली. मिलवॉकीचा प्रॉमिस रिंग, कॅन्सस सिटीचा गेट अप किड्स आणि खुद्द अर्बाना-शँपेनचा ब्रेड हे त्यातले ठळक बँड. या सगळ्यांच्या थोडा आधी शिकागोच्या उपनगरांतल्या शाळकरी मुलांनी कॅप’न जॅझ नावाचा बँड काढला होता. टिम किन्सेला गायचा आणि त्याचा धाकटा भाऊ माइक ड्रम वाजवायचा. १९९५ मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला आणि त्याच वर्षी दौऱ्यावर असतानाच बँड फुटला. १९९८ मध्ये दुसऱ्या एका लेबलनं त्यांची जवळजवळ सगळी रेकॉर्डिंगं एकत्र करून बाजारात आणली, आणि हयातीत मिळाले नव्हते तेवढे श्रोते त्या गाण्यांना नंतर मिळाले. म्हणजे बँड गेला तरी रेकॉर्डिंग मागे राहतं आणि काम करत राहतं, हे माइकनं विशीतच जवळून पाहिलं होतं.

माइक विद्यापीठात आला तेव्हा तो भावाच्या जोन ऑफ आर्क या बँडमध्येही होता. अर्बानात तो आणि स्टीव्ह लामोस हा दुसरा ड्रमवाला ‘वन अप डाउनस्टेअर्स’ नावाच्या बँडमध्ये एकत्र आले. त्या बँडनं काही गाणी रेकॉर्ड केली आणि तो लगेच मोडला. ती टेप पडून राहिली आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. हा तपशील मी पुढं पुन्हा वापरणार आहे.

त्यानंतर माइक किन्सेला, स्टीव्ह लामोस आणि गिटारवादक स्टीव्ह होम्स हे तिघं मिळून अमेरिकन फुटबॉल झाला. माइक ड्रम सोडून गिटार आणि गाण्याकडं वळला. ड्रमसोबत ट्रम्पेट वाजवण्याचं काम लामोसनं घेतलं. बेस गिटार, म्हणजे खालच्या स्वरांची गिटार, वाजवणारं कोणीच नव्हतं.

संगीताची घडण

निर्णयांकडं वळण्याआधी इथं थोडं थांबायला हवं. अल्बम टिकला त्याचं पहिलं कारण तो ऐकायला वेगळा होता हे आहे, आणि ते विसरून नुसतं व्यवस्थापनाबद्दल बोलणं अन्यायाचं होईल.

गिटारच्या सहा तारा साधारणपणे ई-ए-डी-जी-बी-ई अशा लावतात. या बँडनं तारा निराळ्या लावल्या. पहिल्या गाण्यासाठी, म्हणजे ‘नेव्हर मेंट’साठी, त्या एफ-ए-सी-जी-सी-ई अशा आहेत. अशा लावणीत मोकळ्या ताराच एक भरदार, किंचित उदास स्वरसंगती देतात. डावा हात मग त्या संगतीवर बारीक नक्षी काढायला मोकळा राहतो. दोन गिटार दोन वेगळे आकृतिबंध वाजवतात आणि ते एकमेकांत गुंततात. कोणता स्वर कोणाचा, हे पाचव्यांदा ऐकतानाही नक्की सांगता येत नाही. स्टीव्ह राइशसारख्या संगीतकारानं छोटे आकृतिबंध पुन्हापुन्हा वाजवून, किंचित सरकवून जे साधलं, त्याचा कान या पोरांना होता.

तालही चार-चारच्या चौकटीत बसत नाहीत. ज्यांच्या कानावर रूपक किंवा झपताल लहानपणापासून आहे, त्यांना पाच किंवा सात मात्रांचं अप्रूप वाटणार नाही. पण रॉकच्या श्रोत्याला तिथं पाय अडखळल्यासारखं होतं. लामोसचं कौशल्य असं की तो अडखळणं जाणवू देत नाही. त्याच्या हातात जॅझचा हलकेपणा आहे, ड्रम गिटारच्या मागून न चालता त्यांच्याशी बोलतात. आणि मग, गाणं संपेल असं वाटत असताना, दूरवरून ट्रम्पेट येतो. पंकच्या घराण्यातल्या अल्बमवर असं मृदू, मोकळं ट्रम्पेट येणं हे धाडस होतं. इतक्या वर्षांनी ऐकतानाही माझं लक्ष प्रत्येक वेळी तिथं वेधलं जातं.

शब्द थोडे आहेत. नऊपैकी दोन गाण्यांत गायन नाही. जिथं आहे तिथं माइकचा आवाज ओरडत नाही. एखादं नातं संपत आलंय आणि दोघांनाही ते ठाऊक आहे, अशा वेळी माणूस जसं अर्धवट बोलतो तसा तो गातो. उन्हाळा संपणं, कोणीतरी निघून जाणं, राहून गेलेलं बोलणं, हेच विषय. विद्यापीठाच्या गावात मे महिन्यात प्रत्येकाच्या मनात जे चालू असतं तेच.

अडचण

१९९९ च्या वसंतात तिघांसमोरची स्थिती अशी होती. शिक्षणाचा टप्पा संपत होता आणि माइक शिकागोला परतणार होता. बँडकडं अल्बमभर गाणी होती, पण ती बहुतेक कुठंच नोंदलेली नव्हती. बेस नसल्यामुळं मंचावरचा आवाज पोकळ वाटायचा. प्रत्येक गाण्यासाठी तारा वेगळ्या लावायच्या म्हणजे दोन गाण्यांमध्ये लांबलचक शांतता, आणि लोक हातात पेला घेऊन उभे. घरगुती कार्यक्रमांत गर्दी हलवणारा हा बँड नव्हताच.

त्यांची महत्त्वाकांक्षाही बेताची होती. हे मी दोष म्हणून सांगत नाही. तिघांनाही बँडवर पोट भरायचं नव्हतं. आणि ज्याला पोट भरायचं नसतं, त्याला बँड चालू ठेवण्याचं किंवा बंद करण्याचंही बाहेरचं कारण नसतं. निर्णय पूर्णपणे आतून घ्यावा लागतो. तो कठीण असतो, म्हणून बहुतेक लोक तो घेतच नाहीत. बँड हळूहळू विरतो आणि गाणी विसरली जातात.

समोरचे मार्ग

त्यांनी बसून यादी केली असेल असं मी म्हणत नाही. पण त्या वसंतात उघडे असलेले मार्ग बाहेरून पाहता असे दिसतात.

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे काहीच न करणं. ई.पी. निघाली होती, काही कार्यक्रम झाले होते, आठवणी होत्या. वन अप डाउनस्टेअर्सचं जवळजवळ हेच झालं होतं. तिथं निदान टेप तरी होती. तरीही तोच गाव, त्याच मंडळींपैकी दोघं, आणि गाणी सुमारे नऊ वर्षं कोणाच्या कानावर पडली नाहीत. या प्रकरणात तुलनेसाठी यापेक्षा चांगला दाखला मिळणार नाही. त्याच काळातली गाणी, एकीकडं वेळेवर बाहेर आली आणि एकीकडं नाही.

दुसरा मार्ग दौऱ्याचा. शिक्षण-नोकरी बाजूला ठेवून गाडीत सामान भरायचं आणि ब्रेडसारखं देशभर हिंडायचं. ब्रेडनं ते जिद्दीनं केलं, शेकडो कार्यक्रम केले, आणि तोही १९९९ मध्येच थांबला. दौऱ्यानं बँडचं आयुष्य वाढतंच असं नाही, याचा पुरावा शेजारच्या गल्लीत होता. शिवाय माइकनं शाळकरी वयात दौऱ्यावर बँड फुटताना पाहिला होता.

तिसरा मार्ग अंतर ठेवून चालू राहण्याचा. शिकागो ते अर्बाना हे गाडीनं अडीच तासांचं अंतर, अशक्य काही नव्हतं. पण या बँडची गाणी एकाच खोलीत, दोन गिटार समोरासमोर ठेवून बनत होती. महिन्यातून एकदा भेटून तसली वीण जमली असती का, याबद्दल मला शंका आहे.

उरला चौथा मार्ग : आहे ते नीट रेकॉर्ड करायचं, लेबलच्या हाती द्यायचं आणि थांबायचं.

पहिला निर्णय : रेकॉर्ड करून थांबणं

त्यांनी हाच मार्ग धरला. अर्बानातल्या प्रायव्हेट स्टुडिओजमध्ये ब्रेंडन गॅम्बल यांच्यासोबत रेकॉर्डिंग झालं. बेसची उणीव माइकनं स्वतः बेस वाजवून भरली, त्यामुळं अल्बममधला आवाज मंचावरच्या आवाजापेक्षा भरलेला आहे. मंचावर जे जमत नव्हतं ते स्टुडिओत करता येतं, हे त्यांनी ओळखलं आणि बँडची खरी जागा स्टुडिओ आहे असं मान्य केलं. शेवटच्या गाण्यात वुर्लिट्झर हा इलेक्ट्रिक पियानो आहे, ट्रम्पेटला ऐसपैस जागा आहे, ‘स्टे होम’ आठ मिनिटांच्या आसपास रेंगाळतं. मंचावर गर्दी धरून ठेवायची असती तर यातलं काही झालं नसतं. श्रोत्यांसमोर पुन्हा उभं राहायचंच नाही म्हटल्यावर माणूस जे मोकळेपणानं करतो, ते या अल्बमवर ऐकू येतं. पहिल्या गाण्याच्या आधीचं स्टुडिओतलं बोलणंसुद्धा त्यांनी कापलं नाही.

मुखपृष्ठासाठी क्रिस स्ट्राँग या छायाचित्रकारानं अर्बानातल्या एका विद्यार्थी-घराचा फोटो दिला. रात्रीचं हिरवट आकाश, पांढरं लाकडी घर, वरच्या खिडकीत दिवा. बँडचे सदस्य त्या घरात राहत नव्हते. फोटोत बँडचा एकही माणूस नाही, आणि हे अजाणता अगदी बरोबर झालं. जो बँड भेटणारच नाही त्याच्या जागी ऐकणाऱ्यांना एक घर मिळालं, ज्यात ते स्वतःला राहायला ठेवू शकत होते.

दुसरा निर्णय : लेबलनं अल्बम जिवंत ठेवणं

पॉलीव्हिनाइल हे लेबल मॅट लन्सफर्ड आणि डार्सी नाइट यांनी सुरू केलं. शाळकरी वयात इलिनॉयमधल्याच डॅनव्हिल या गावी काढलेल्या एका फॅनझिनपासून, म्हणजे घरी छापून वाटायच्या संगीत-पत्रिकेपासून त्याची सुरुवात झाली, आणि विद्यापीठात शिकत असताना लेबलही अर्बाना-शँपेनला आलं.

मोडलेल्या बँडचा अल्बम हा कोणत्याही लेबलसाठी अवघड माल असतो. दौरा नाही म्हणजे मंचाशेजारच्या टेबलावरची विक्री नाही. मुलाखती द्यायला कोणी नाही, पुढच्या अल्बमची आशा नाही. पहिल्या छपाईतल्या प्रती संपल्या की यादीतून नाव काढून टाकणं हा त्या धंद्यातला सरळ हिशेब, आणि तो केला असता तर कोणी बोट दाखवलं नसतं. पॉलीव्हिनाइलनं अल्बम विक्रीत ठेवला. नवीन श्रोता आला की त्याला वस्तू मिळत होती. शिवाय माइकला त्यांनी सोडलं नाही. २००१ मध्ये ओवेन या नावानं तो एकट्यानं गाणी करू लागला, तो पहिला अल्बमही याच लेबलवर आला. ओवेन आवडलेला माणूस मागं जाऊन अमेरिकन फुटबॉल शोधायचा.

या काळात बाहेर ‘इमो’ शब्दाचं रूपच पालटलं. दोन हजारच्या दशकात तो काळे कपडे, डोळ्यांवर येणारे केस आणि टीव्हीवरचे व्हिडिओ यांच्याशी जोडला गेला. जुन्या धारेतल्या बँडना तो शब्द नकोसा झाला. पण इंटरनेटवर दुसरंच काही चाललं होतं. फाइल-शेअरिंगमुळं अल्बम हातोहात फिरला. कोणत्या गाण्याला तारा कशा लावायच्या, हे मुलांनी कानानं शोधलं आणि नोंदी करून एकमेकांना दिलं. इथं संगीताची घडण कामी आली. तारांची लावणी समजली की जेमतेम शिकलेल्या मुलालाही मोकळ्या तारा छेडून ‘तो’ आवाज काढता येतो, आणि मग नक्षी शिकायला महिने पुरत नाहीत. दार उघडायला सोपं आणि आत गेल्यावर घर मोठं, असं संगीत शिकणाऱ्यांमध्ये पसरतं. गिटारवाल्यांनी तो अल्बम ऐकण्याइतकाच वाजवला, आणि वाजवणाऱ्यांमधूनच पुढचे बँड निघतात.

तसे ते निघालेही. २००८-०९ च्या सुमारास फिलाडेल्फियाच्या ॲल्जरनॉन कॅडवॉलडर, मिशिगनच्या एम्पायर! एम्पायर! अशा बँडनी नव्वदच्या दशकाची ही बोली पुन्हा उचलली. २०१३ पर्यंत संगीत-पत्रकार ‘इमोचं पुनरुज्जीवन’ हा शब्द सर्रास वापरू लागले होते. ज्यांच्याकडं बोट दाखवून हे सगळं सांगितलं जात होतं, तो बँड तेव्हा अस्तित्वात नव्हता.

तिसरा निर्णय : परत येणं

२०१४ मध्ये पॉलीव्हिनाइलनं जुन्या टेपांमधलं साहित्य जोडून अल्बमची विस्तारित आवृत्ती जाहीर केली. नोंदणी सुरू होताच लेबलची वेबसाइट गर्दीनं कोसळली. मागणी किती साठली होती हे त्या दिवशी लेबलला आणि बँडला एकदमच कळलं. पाठोपाठ बँड पुन्हा वाजवणार अशी घोषणा झाली.

सप्टेंबरमध्ये अर्बाना-शँपेनच्याच पिग्मॅलियन महोत्सवात ते उभे राहिले, ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या वेबस्टर हॉलमध्ये. तिथं आधी एक कार्यक्रम जाहीर झाला होता, तो वाढत तीन रात्रींवर गेला. विद्यार्थीदशेत घरांच्या दिवाणखान्यांत वाजवणारा बँड न्यूयॉर्कमधला मोठा हॉल भरत होता.

या टप्प्यावर त्यांनी केलेली एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. १९९९ मधली जी उणीव होती ती त्यांनी तशीच ‘अस्सल’ म्हणून मिरवली नाही. माइकचा चुलतभाऊ नेट किन्सेला याला बेससाठी घेतलं आणि बँड चौघांचा झाला. अल्बममध्ये ऐकू येणारा आवाज मंचावर पहिल्यांदा तेव्हा पुरा ऐकू आला.

दुसरा प्रश्न नवीन गाण्यांचा. जुना अल्बम वाजवत वर्षाकाठी चार कार्यक्रम करणं सुरक्षित होतं. नवं काही केलं की तुलना होणारच. त्यांनी धोका पत्करला. २०१६ मध्ये दुसरा अल्बम आला आणि मुखपृष्ठावर त्याच घराचा आतला भाग होता. तो अल्बम मला सावध वाटतो. जुन्या सावलीत राहून लिहिलेली गाणी आहेत ती, चांगली असूनही. मार्च २०१९ मधला तिसरा अल्बम मात्र वेगळ्या तोलाचा आहे. मुखपृष्ठावरून घर गेलं, शेतांचा मोकळा माळ आला. पॅरामोर या बँडच्या हेली विल्यम्स, स्लोडाइव्हच्या रेचल गॉसवेल आणि लँड ऑफ टॉकच्या एलिझाबेथ पॉवेल यांचे आवाज आले. मध्यमवयाची, संसाराची, आपल्या बापाकडून आपल्यात काय उतरलंय याची भीती आली. बाविशीतला माणूस जे लिहू शकत नाही ते इथं आहे. वेळेत संपण्याचं कौतुक करणाऱ्यांनी हा अल्बम जरूर ऐकावा. बँड २००० मध्येच कायमचा संपला असता, तर तो निघालाच नसता.

किंमत आणि घर

परत येण्याची किंमत होती. लामोस आता कोलोरॅडो विद्यापीठात लेखन शिकवणारा प्राध्यापक आहे. नोकरी, कुटुंब आणि दौरे यांची ओढाताण चाळिशीत वेगळी असते. २०२१ मध्ये तो बँडमधून बाहेर पडला. २०२३ मध्ये परतला. मधल्या काळात बँडचं भवितव्य टांगणीला लागलं होतं, कारण या गाण्यांमध्ये त्याच्या जागी दुसरा ड्रमवाला बसवणं ही साधी अदलाबदल नव्हती. ट्रम्पेटही त्याचंच.

घराची कथा त्याहून विचित्र आहे. अल्बम पसरला तसे लोक घर शोधत अर्बानाला येऊ लागले, समोर उभं राहून फोटो काढू लागले. आत विद्यार्थी भाडेकरू राहत होते, त्यांचा या सगळ्याशी काही संबंध नव्हता. २०१४ मध्ये ‘नेव्हर मेंट’चा व्हिडिओही त्याच घरात चित्रित झाला आणि ओढ आणखी वाढली. अखेर मे २०२३ मध्ये बँड, पॉलीव्हिनाइल, क्रिस स्ट्राँग आणि आणखी काही जणांनी मिळून ते घर विकत घेतल्याचं जाहीर केलं, म्हणजे ते पाडलं जाऊ नये. २०२४ मध्ये अल्बमची पंचविशी साजरी झाली. त्या निमित्तानं इतर कलाकारांनी अख्खा अल्बम पुन्हा गायला. ‘नेव्हर मेंट’ आयर्न अँड वाइननं आणि ‘फॉर शुअर’ इथेल केननं.

वेगळं काय करता आलं असतं

बेसवाला १९९८ मध्येच शोधता आला असता. विद्यापीठाच्या गावात बेसवाल्यांचा दुष्काळ नसतो. मंचावरचा आवाज भरला असता, तर तिघांना स्वतःच्या गाण्यांची ताकद आधी जाणवली असती आणि थांबण्याचा निर्णय कदाचित वेगळा झाला असता. मात्र मग स्टुडिओतला तो मोकळेपणा आला असता का, हे सांगणं कठीण आहे. इथं मी कोणत्याही बाजूनं ठाम नाही.

थांबण्याबद्दल मात्र ठाम आहे. बँड संपवण्याऐवजी ‘सध्या थांबलो’ म्हणण्यात काही खर्च नव्हता. माइक २००१ पासून ओवेनसाठी घरच्या घरी रेकॉर्डिंग करत होता. तोपर्यंत एकमेकांना टेपा पाठवून, वर्षाला एखादं गाणं करणं शक्य झालं होतं. तिसऱ्या अल्बममध्ये जी वाढ दिसते, तिचे मधले टप्पे आपल्याला ऐकायला मिळाले असते. चौदा वर्षांचा तो खंड कौतुकानं सांगितला जातो, मला तो नुकसान वाटतो.

घराच्या बाबतीत उशीर झाला. २०१४ चा व्हिडिओ करताना गर्दी वाढणार हे उघड होतं. खरेदी तेव्हा परवडली नसती, पण मालकाशी बोलून भाडेकरूंसाठी काही व्यवस्था, बँड आणि लेबलकडून चाहत्यांना एक स्पष्ट विनंती, एवढं तेव्हाच करता आलं असतं. कलाकृतीमुळं ज्यांच्या दारात अनोळखी माणसं येऊन उभी राहतात, त्यांची जबाबदारी काही अंशी ती कलाकृती विकणाऱ्यांवर येते.

लामोसचं जाणंही विचार करायला लावतं. चाळिशीतल्या चार माणसांचा बँड चालवायचा, तर वर्षातले किती आठवडे कोणी देऊ शकतो हे पहिल्या कार्यक्रमाआधी ठरायला हवं. विद्यापीठाच्या सत्रांप्रमाणं दौरे आखणं, मोठ्या दौऱ्यांऐवजी थोडे आणि मोजक्या शहरांतले कार्यक्रम घेणं, हे उपाय पहिल्या दिवसापासून हाताशी होते.

आणि ज्यांच्या स्वतःच्या बँडची मुलं येत्या मे महिन्यात पांगणार आहेत, मग ते गाव पुणे असो, पिलानी असो की अर्बाना, त्यांच्यासाठी या प्रकरणातली पहिली व्यवहारी गोष्ट : परीक्षेच्या आधीच स्टुडिओची तारीख धरा, प्रत्येक गाण्याच्या तारांची लावणी लिहून ठेवा, आणि मूळ रेकॉर्डिंगच्या प्रती कोणाकोणाकडं राहतील हे आत्ताच ठरवा.